एक दगड जास्त

उस्ताद जंगलात हॉर्न वाजवायचे. वळण असो नसो, समोरून कोणी येण्याची शक्यता असो नसो, जंगलखात्याचा नाका ओलांडला की थोड्या थोड्या वेळानं त्यांचा हात भोंग्याकडं जायचा आणि भोंगा एकदाच बोलायचा. गाडीतलं कोणीतरी हमखास विचारायचं, उस्ताद, इथं ऐकायला आहे कोण? मागं न बघता ते उत्तर द्यायचे की कोणाच्या घरात शिरताना कडी वाजवतात ना, तसंच हे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं. पुढं कचेरीत चिकटल्यावर याच वाक्याची नक्कल करून मी साहेबांना हसवत असे. म्हणजे मी कसला माणूस होतो ते सुरुवातीलाच सांगून झालं, आता पुढचं सांगायला तेवढं जड जाणार नाही.

लोधीपुऱ्यात आमच्या घरापासून चौथं दार त्यांचं. खरं नाव कोणी घेत नसे. बुऱ्हाणपुरात गाडी हाकणारा आणि गाडी उघडून पुन्हा जोडणारा, दोघंही उस्तादच, आणि हे तर दोन्ही कामं करणारे. लढाईत मिलिटरीच्या गाड्या चालवत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आले होते. परत आल्यावर लग्न केलं नाही, घर दुरुस्त केलं नाही, कोण जाणे कसे पण मिलिटरीच्या जुन्या मालाच्या, म्हणजे डिस्पोजलच्या लिलावातून एक जीप आणि तिच्या मागं जोडायची दोन चाकांची ट्रॉली घेऊन आले. बारा महिने अंगात खाकी स्वेटर. त्याच्या कोपरांना बहिणीच्या जुन्या लुगड्याची ठिगळं होती, एक जांभळं, एक हिरवं. मे महिन्यातसुद्धा तो स्वेटर उतरत नसे. गरम होत नाही का असं विचारलं तर म्हणायचे, होतं की, पण तेवढ्यासाठी काय काढायचा.

जीपचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. 'गाडी काय मस्त चालते,' असं कोणी म्हटलं की ते लगेच गाडी थांबवून उतरायचे, चारी चाकांना एकेक लाथ घालायचे आणि मग पुन्हा निघायचे. दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की हंगाम सुरू व्हायचा. त्याआधी एक दिवस रिकामी जीप घेऊन एकटे इच्छापूरला जायचे, इच्छादेवीला नारळ फोडायचे. फोडायचे तेही बाजूच्या धोंड्यावर, गाडीला पोचे पडतात म्हणून. आणि मग होळीपर्यंत, शाळामास्तर, जिनिंगवाले शेठ, नवी लग्नं झालेली जोडपी, माहेरवाशिणी, सगळ्यांना घेऊन त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. असीरगडाच्या रस्त्यानं उत्तरेला जायचं, मग डांबर सोडून आत वळायचं, नाका लागायचा, आणि नाक्यापुढं साग आणि अंजनाच्या जंगलातून गाडीवाटेनं धारेपर्यंत. धार म्हणजे आमच्याकडचा धबधबा. मधे दोन नाले लागत. जीप नाल्यात उतरली की बायका पाय वर घेऊन एकमेकींना धरत, आणि पलीकडं चढली की उगीचच हसत सुटत. त्या काळात बुऱ्हाणपुरात याहून मोठी मौज नव्हती.

पण उस्तादांची खरी ओळख म्हणजे त्यांचा डबा. मिलिटरीचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा, रंग उडालेला. नाक्यावर गाडी थांबली की प्रत्येकानं खाली उतरून वाटेवरचा एक दगड उचलायचा आणि त्या डब्यात टाकायचा. आपला दगड आपण. दुसऱ्याचा टाकायचा नाही. धारेवरून परत निघताना, गाडी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकानं एक दगड काढून घ्यायचा. डबा रिकामा झाला की उस्ताद तो उलटा करून बुडावर थाप मारायचे, कानाशी नेऊन ऐकायचे आणि मगच स्टार्टरवर पाय ठेवायचे. सकाळी मात्र ते डब्यात कधीही डोकावत नसत. त्यांचं म्हणणं, आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस माणसं शोधत नाही, आकडा जुळवतो. स्वतःचा दगड ते टाकत नसत. डबा ज्याच्या हातात तो सगळ्यात शेवटी निघणार, त्याला कशाला दगड?

यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती, जीपखाली झोपून काहीतरी पिळत असताना. त्यामुळं तोंड दिसलं नाही. ब्रह्मदेशातून माघार घेताना रोज संध्याकाळी हवालदार माणसं मोजायचा. एका संध्याकाळी पाऊस फार होता. हवालदारानं डोकी मोजली नाहीत, कालचाच आकडा वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की एक स्वयंपाकी मागंच राहिला. पाय सुजलेला होता म्हणून झाडाखाली टेकला असेल. परत जाऊन आणायचा हुकूम मिळाला नाही. तो उस्तादांच्या चहात न मागता जास्तीची साखर टाकायचा, एवढंच ते त्याच्याबद्दल बोलले. मग जीपखालून हात बाहेर आला आणि दहा नंबरचा पाना मागितला.

डब्याला लोक हसत, पण तो मानत. कारण एकदा तो कामी आला होता. एका मास्तरांचे सासरे धारेच्या खडकाआड जेवून झोपले. संध्याकाळी मास्तरांनी स्वतः डोकी मोजली, बरोबर भरली. भरली कारण जंगलातल्या गावचा एक म्हातारा पुढच्या वस्तीवर उतरायचं म्हणून धारेवरच ट्रॉलीत येऊन बसला होता, आणि संधिप्रकाशात पागोटं ते पागोटंच. डब्यात एक दगड उरला म्हणून शोध झाला. सासरे घोरत सापडले. तेव्हापासून गावात कोणी डब्याबद्दल तोंडावर काही बोलत नसे. जंगलातल्या वस्त्यांवरच्या माणसांनाही तो नियम इतका अंगवळणी पडला होता की नाक्यावर ट्रॉलीत चढणारा माणूस न सांगता दगड टाकूनच चढायचा.

आणखी एक. उस्तादांनी धार कधी पाहिली नव्हती. म्हणजे हंगामात पन्नासदा तिथं जायचे, पण कुंडाच्या काठावर एका चपट्या खडकावर पाण्याकडं पाठ करून बसायचे. फोपनारला दिलेल्या बहिणीकडची दोन केळी खायचे आणि लोकांकडं बघत राहायचे. गावात याच्या नाना कथा होत्या. पाण्यात त्यांना कोणी दिसतं म्हणे, कोणी म्हणे नवस आहे. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, सगळे पाण्याकडं पाहतात, मग माणसांकडं कोणी पाहायचं?

आता माझं. बी.ए. अर्धवट सोडून मी एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. जंगलवाटेवर गाडी नेण्याचे परवाने तिथून निघत. त्याच सुमारास नवं राज्य झालं. राजधानी नागपूरची भोपाळला गेली आणि आमच्या टेबलावरचे निम्मे शिक्के जुने झाले. जुने मराठी साहेब सामान बांधून अकोल्या-नागपूरकडं गेले, आम्ही इथंच राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी. ती तर आधीपासूनच होती, आता तिला सरकारी मान्यता मिळाली इतकंच. नवे साहेब उत्तरेकडून आले. माणूस वाईट नव्हता. पण नव्या जागी आलेला माणूस जसा प्रत्येक गोष्टीत कोणी आपल्याला हसतंय का ते पाहतो, तसे ते होते. आणि मी तर त्यांच्या चेहऱ्याकडं पाहूनच जगत होतो, कारण मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्यांच्या शिफारशीवर होतं.

फर्मान निघालं की जुन्या राज्याचे परवाने रद्द, साहेबांची खात्री पटली तर नवे मिळतील. उस्तादांनी आपला परवाना मेणकापडातून सोडवून माझ्या हातात दिला. नव्या परवान्याशिवाय नाका उघडणार नव्हता, आणि नाका उघडला नाही तर ती जीप आणि ते स्वतः, दोघांनाही गल्लीत उभं राहण्यापलीकडं काही काम उरणार नव्हतं. हे ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू आहे न तिथं. मंग मले काय फिकीर."

अक्कल माझीच. साहेबांना धार दाखवावी, उस्तादांच्याच जीपमधून. साहेब खूश झाले की परवान्यावर सही होईल, आणि त्याच ओघात माझ्याही कागदावर. एका दगडात दोन पक्षी असा माझा हिशोब होता. दगडांशी गाठ आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही. उस्तादांनी आदल्या दिवशी जीप दोनदा धुतली.

साहेब, त्यांची बायको, दोन मुली, मेहुणा, मेहुण्याचे दोन दोस्त, कचेरीतला शिपाई आणि मी असे नऊ जण निघालो. मेहुणा, दोस्त आणि शिपाई मागं ट्रॉलीत. सोबत पुऱ्या, आणि साहेबांनी इथलं काहीतरी खास खावं म्हणून मी आणलेला रवा-तुपाचा गोड दराबा. नाक्यापर्यंत सगळं छान झालं, आणि साहेबच गाडीत म्हटल्यावर त्या दिवशी परवान्याचा प्रश्न नव्हता. नाक्यावर वस्तीवरची चारपाच माणसं ऊन खात उभी होती. उस्तादांनी गाडी थांबवली आणि डबा काढला.

साहेबांनी तो काय प्रकार आहे विचारलं. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगताच मला लाज वाटायला लागली. इंग्रजी वाचणाऱ्या माणसासमोर आपल्या गल्लीतला माणूस पत्र्याचा डबा घेऊन दगड मागतोय, आणि तो माझा माणूस आहे. मेहुण्यानं विचारलं की दगडाला हळदकुंकू पण वाहायचं का. दोस्त हसले, मुलीही हसल्या. साहेब घड्याळाकडं पाहायला लागले. मी उस्तादांना बाजूला घेऊन म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या. ते म्हणाले, मग गाडीही आजच्या दिवस राहू द्या. रागानं नाही, साधंच. मग माझ्या हातात डबा देत म्हणाले, "तू सांग त्यांले. तुहं ऐकतीन. मी वहीत सही करून येतो." आणि नाकेदाराच्या खोलीकडं गेले.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. जीपच्या मागं जाऊन खाली वाकलो, वाटेवरचे मूठभर दगड उचलले आणि डब्यात टाकले. नऊ असतील अशा अंदाजानं. मोजले नाहीत. घाई होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मोजणं मला मूर्खपणाचं वाटलं.

उस्ताद परत आले.

"पडले सगळ्यांचे?"

"हाव, उस्ताद."

त्यांनी डबा सीटखाली ठेवला. आत पाहिलं नाही.

तो दिवस इतका चांगला गेला की आजही त्याची आठवण आली की आधी ऊन आठवतं. धारेला पाणी भरपूर होतं. साहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या, पाण्यात पाय सोडून बसले आणि चक्क गायले. दराबा दोनदा मागून घेतला. मला म्हणाले, उद्या त्या जीपवाल्याची फाइल घेऊन ये. मी धावत जाऊन हे उस्तादांना सांगितलं. ते आपल्या खडकावर पाठमोरे बसले होते. त्यांनी अर्धं केळं मला दिलं. आनंद झाला की ते असं काहीतरी द्यायचे.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही वर जीपपाशी आलो. डबा फिरला. साहेब खुशीत होते, त्यांनीही गंमत म्हणून एक दगड घेतला. मुलींनी घेतले, मेहुण्यानं घेऊन लांब भिरकावला. नऊ जणांचे नऊ झाले. उस्तादांनी डबा उलटा करायला हात फिरवला आणि आत खडखडलं.

एक दगड होता. चपटा, तांबूस, मधे पांढरी रेघ असलेला.

मला त्याच क्षणी कळलं. 'उस्ताद, माझ्या मुठीत एक जास्त आला असेल,' एवढंच म्हणायचं होतं. आज इतक्या वर्षांनी मी त्या वाक्याचं वजन करतो तेव्हा जाणवतं की त्यानं माझं काहीच गेलं नसतं. साहेब हसले असते. उस्ताद फार तर दोन दिवस बोलले नसते. पण सकाळी 'हाव' म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं हे त्यांच्या डोळ्यांसमोर उघडं पडायला मला नको होतं. मी दराब्याचा पुडा बांधायला घेतला.

उस्तादांनी ट्रॉलीतल्यांना विचारलं की नाक्यावरून कोणी वस्तीवरचा माणूस चढला होता का. मेहुणा म्हणाला, होती खरी काही माणसं तिथं, चढलाही असेल कोणी, आम्ही कुठं पाहत बसलो. शिपाई साहेबांच्या तोंडाकडं पाहत राहिला. संपलं. उस्तादांच्या लेखी माणूस ठरला. नाक्यावर दगड टाकून चढला, धारेला उतरला आणि परत आला नाही.

साहेबांचा सूर बदलला. मुलींना थंडी वाजत होती. ते म्हणाले, "जंगल का आदमी है तो जंगल में रह लेगा। उसका तो घर ही यहाँ है।"

उस्ताद म्हणाले, "घर असंल साहेब. पण आला तर माह्या गाडीतून."

आणि खाली उतरून गेले. आम्हाला वर त्यांची हाक ऐकू यायची. "ओ भाऊ! गाडी सुटून राह्यली! कोण राह्यलं?" पाण्याच्या आवाजात ती पुरती विरायची, मग पुन्हा यायची. पहिल्या खेपेला ते खडकांतून शोधून आले. दुसऱ्या खेपेला वर आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले होते. कुंडात काठीनं चाचपून पाहिलं होतं. स्वेटरचं जांभळं ठिगळ ओलं होऊन काळं दिसत होतं. ते सरळ माझ्याकडं आले.

"तू तर पाह्यलं असशीन. कोणी चढलं होतं का?"

"मी कोणाला चढताना पाहिलं नाही, उस्ताद," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. खोटं न बोलता फसवायची युक्ती मला त्या संध्याकाळी शिकवावी लागली नाही. त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा उतरले.

अंधारायला लागलं होतं. साहेबांच्या बायकोनं वाघाचं नाव काढलं आणि धाकटी रडायला लागली. साहेब तेव्हा बाप होते, त्यांना मी दोष देत नाही. मेहुणा म्हणाला की जीप त्याला चालवता येते. साहेबांनी हुकूम दिला, बैठो सब लोग. जागा बदलल्या, मी ट्रॉलीत गेलो. मेहुण्यानं जीप सुरू केली, दिव्याचं बटण शोधता शोधता त्याचा हात भोंग्यावर पडला आणि भोंगा एकदा वाजला. एकदाच.

खालून उस्तादांचा आवाज आला, "आलो, आलो."

त्यांना वाटलं आम्ही त्यांना बोलावतोय.

ट्रॉलीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा होता. उडी मारायला म्हाताऱ्यालाही अडचण आली नसती. मी बसून राहिलो. गाडी हलली तेव्हा शिपाई पुटपुटला, 'भाऊ, उस्ताद मागं राह्यले न.' मी त्याला म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे. डब्याबाहेरचे एकटे उस्तादच होते, त्यांच्या नावाचा दगड नव्हता, आणि तेच मागं राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कचेरीच्या दारात उभे होते. जीप साहेबांच्या बंगल्यासमोर एक दिवा फुटून, मडगार्ड वाकून पडली होती, तिच्याकडं ते अजून गेलेही नव्हते. नाक्यापर्यंत चालत, पुढं बैलगाडीनं आले होते. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं आता हा माणूस मला काय काय बोलेल. ते म्हणाले, "सगळे पोचले न बरोबर?" मी हो म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की वाटेतल्या वस्त्यांवर विचारत आलो, कोणाचं कोणी गेलेलं नाही म्हणतात, मग हा दगड कोणाचा असेल? त्यांनी खिशातून तो काढून माझ्या टेबलावर ठेवला. माझ्यापुढं तेव्हा साहेबांनी सांगितलेला अहवाल होता. मी तो हातानं झाकला.

अहवालात लिहिलं होतं की चालक सवाऱ्यांना संध्याकाळी जंगलात सोडून निघून गेला, त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, सबब परवाना देणे धोक्याचे. मजकूर साहेबांचा, अक्षर माझं. माझं अक्षर फार चांगलं होतं, सगळे म्हणायचे. परवाना नाकारला गेला आणि महिन्याभरात मी कायम झालो. आईनं गल्लीत पेढे वाटले. चौथ्या दारी द्यायला तिनं मलाच पाठवलं, आणि उस्तादांनी पेढा घेऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

जीप दोन पावसाळे गल्लीत उभी राहिली. मग फोपनारच्या एका शेतकऱ्यानं ती केळीच्या घडांसाठी नेली. ट्रॉली आधीच गेली होती. पण पायी जाणाऱ्याला परवाना लागत नसे, आणि उस्ताद पायी जायला लागले. जंगलातल्या वस्त्यांचे आठवडी बाजार त्यांनी पाठ केले. तो दगड काढून दाखवायचे, विचारायचे, हा कोणाचा, त्या साली कोणाच्या घरचं कोणी परत आलं नाही काय. तिथली माणसं भली. ती त्यांना चहा पाजायची, आठवून बघायची, नाही म्हणायची. त्यानं उस्तादांचं समाधान व्हायचं नाही. मग तो परगावचा असेल, असं ठरवून ते पुढच्या बाजाराला जायचे. आपल्या लोकांनी मात्र त्यांचं नाव दगडवाले पाडलं. मी कचेरीला जायला पलीकडच्या गल्लीतून वाट धरली. थोडी लांब पडायची, पण मी सगळ्यांना सांगायचो की सकाळचं चालणं तब्येतीला चांगलं असतं.

असं मी एक वर्ष काढलं नाही, दोन नाही. नोकरी पूर्ण काढली. साहेब कधीच बदलून गेले. मला बढती मिळाली, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. सांगायचं नाही असं मी कधीच ठरवलं नाही. पुढच्या दिवाळीला सांगू, त्यांची तब्येत जरा सुधारली की सांगू, असं चाललं. निवृत्त झालो, आणि लोक सत्कारात माझ्या सचोटीबद्दल बोलले, तेव्हा घरी येऊन मला जेवण गेलं नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चौथ्या दारी गेलो.

उस्ताद ओट्यावर बाजेवर बसले होते, उन्हाला पाठ देऊन. सत्तरी ओलांडली होती. तोच की तसलाच दुसरा स्वेटर. फोपनारची भाची येऊन त्यांचं करत असे, ती आत होती. मी समोर बसलो आणि बोललो. मुठीचं सांगितलं, न मोजल्याचं सांगितलं, सकाळच्या 'हाव'चं सांगितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "कोणी राह्यलंच नव्हतं?"

"नाही, उस्ताद. कोणीच नाही."

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा हात धरून हलवत राहिले, जणू मी त्यांना नातू झाल्याची बातमी आणली होती. परवाना, जीप, गल्लीतलं ते नाव, यातलं काही त्यांच्या मनातही आलं नाही. मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. या हसण्याची तयारी माझ्याजवळ नव्हती.

मग ते थांबले. "मी पाण्यात उतरलो होतो, तई तुले मालूम होतं?"

"हो."

"अन् नंतर बाजारानं फिरत होतो तई पण."

"हो."

त्यांनी भाचीला हाक मारून डबा आणवला. तोच डबा होता, आत तोच दगड, पांढऱ्या रेघेचा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. "उचल. तुहा आहे." मी उचलला. त्यांनी डबा उलटा केला, बुडावर थाप मारली, कानाशी नेऊन ऐकला आणि बाजेखाली सरकवला.

तेवढ्यात समोरचे शेजारी दूध घेऊन चालले होते, सोबत आणखी एक जण. उस्तादांनी त्यांना थांबवलं. "ऐका हो भाऊ. त्या रोजी कोणीच राह्यलं नव्हतं. सगळे आले होते." शेजाऱ्यांनी बरं बरं म्हटलं आणि माझ्याकडं पाहून एक डोळा बारीक केला, म्हणजे म्हाताऱ्याचं सुरू झालं पुन्हा, तुम्ही तर जाणताच.

उस्तादही माझ्याकडं पाहत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते माझ्यासाठी ठेवलं होतं, मी बोलेन म्हणून ते वाट पाहत होते, तोंड अर्धवट उघडं, अजून आनंदातच. मी नुकताच निवृत्त झालेला, सत्काराच्या शालीची घडीही न मोडलेला माणूस. तो दगड अजून माझ्या मुठीत होता.

मी शेजाऱ्यांकडं पाहून हसलो.